न बसणारी काडतुसं

१

कॉलम रीडी सापडला तेव्हा त्याच्या दाढीवर बर्फ साचला होता आणि रायफल मांडीवर आडवी होती. उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला. तो राहायचा त्या वरच्या खोपीमागच्या कड्यावरून तो घसरला, आणि मग खाली एका दगडाला पाठ टेकून बसला, एवढं बर्फावर स्पष्ट उमटलेलं होतं. जीव पडण्यानं गेला नव्हता, थंडीनं गेला होता, आणि थंडी घाई करत नाही.

तो सापडला रेवी पाराओनेला. रेवी मधल्या खोपीत राहायचा, एका डोंगराच्या धारेपलीकडे. शनिवारी पीठ न्यायला कॉलम आला नाही म्हणून रविवारी सकाळी तो धार ओलांडून गेला. प्रेत खाली आणायला त्याला आणि वॉटी ग्रीव्हच्या करड्या घोडीला दोन दिवस लागले. ब्रॅम नदीच्या खोऱ्यात फार वाढलेली हरणं मारायला सरकारनं ठेवलेली सगळी पोरं या वॉटीच्याच जिवावर जगायची. पीठ, चहा, काडतुसं तो घोड्यांवर लादून वर न्यायचा आणि कातडी खाली आणायचा.

त्या शिकाऱ्यांचा वरचा माणूस होता नॉर्मन टेलफर. कॉलमला त्यानंच नोकरीवर घेतलं होतं, सहा महिन्यांपूर्वी. त्यानं प्रेतावरचं कांबळं बाजूला केलं, पाहिलं, परत झाकलं. पोराच्या उजव्या तळहाताचा मनगटाजवळचा भाग काळानिळा झाला होता आणि कातडी सोलून निघाली होती.

"पडताना हात टेकला असेल," हवालदार लॉसन म्हणाला.

"असेल," टेलफर म्हणाला.

पुकेरुआ वस्तीत तोवर निकाल लागून गेला होता. खोऱ्यात एक नियम होता: अडचणीत सापडलास तर लागोपाठ तीन बार काढायचे, आणि ज्याच्या कानावर पडतील त्यानं हातातलं काम टाकून निघायचं. कॉलमच्या पट्ट्यातल्या पिशवीत काडतुसं भरलेली होती. मग त्यानं बार काढले नाहीत, असं कसं होईल? काढलेच असणार. आणि मधली खोपी एवढी जवळ, की वारा पडला असला तर वर तोडलेल्या लाकडाचाही आवाज यायचा.

"दोघांचं वाजलं होतं," खानावळीत एकजण म्हणाला. "आपल्या वाट्याच्या ओढ्यातली हरणं रेवी मारतो, असं कॉलम इथंच बोलला होता. तोंडावर."

"पण मग उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कुठं गेल्या? जागेवर एक नव्हती."

"रेवी पुंगळ्या गोळा करतो, ठाऊक नाही का तुला? साखरेच्या पोत्यात. सगळं खोरं पितळ टाकून देतं आणि हा उचलतो."

रेवी दाराजवळ उभा होता. त्यानं ग्लास फळीवर ठेवला आणि अर्धा तसाच टाकून बाहेर पडला.

२

"दोन्ही म्हणणी एकदम खरी असू शकत नाहीत," टेलफर दुसऱ्या दिवशी चौकीत लॉसनला म्हणाला. "तू लिहिणार, थंडीनं पोराची शुद्ध गेली, बार काढायचं त्याला सुचलंच नाही. वस्ती म्हणते, काढले आणि रेवी गेला नाही. मला आधी रायफल बघू दे."

"बघ की. कोपऱ्यात आहे. रेवीचीही तिथंच आहे, मी ठेवून घेतलीय."

टेलफरनं कॉलमची रायफल उजेडात धरली. तीनशे तीन बोअरची, लढाईतली जुनी, कडेचं लाकूड तासून हलकी केलेली. खोऱ्यात सगळ्यांच्या तशाच होत्या. काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या दांड्याच्या गोळ्यावर काळपट डाग होता. त्यानं नखानं खरवडला. रक्त.

"लॉसन, पडताना हात टेकला, तर दांड्यावर रक्त कसं?"



टेलफर रायफल आणि कॉलमची पिशवी घेऊन मागच्या अंगणात गेला. नळी लाकडाच्या ढिगाकडे केली, पिशवीतलं एक काडतूस घातलं आणि बोल्ट पुढं ढकलला. काडतूस आत गेलं, पण दांडा खाली बसेना. त्यानं जोर लावला, तळहातानं ठोकला. दांडा अर्ध्यावर अडून राहिला आणि हात झिणझिणला. दुसरं काडतूस घेतलं. तेच. तिसऱ्यालाही तेच.

तो ढिगावर बसला. कड्याखाली, मोडक्या पायानं, बोटं बधिर होत चाललेली, पोरगं एकामागून एक काडतूस घालत होतं आणि तळहातानं दांडा ठोकत होतं. खाली नदीचा असा गोंगाट की हाक मारून उपयोग नाही. बोल्ट बंद झाल्याशिवाय बार उडत नाही.

"सरकारी पेटीतलीच आहेत ना ही?" लॉसननं विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

"पोरांना दुसरी मिळतातच कुठं. तुझी चौकीची रायफल आण."

चौकीच्या रायफलीतही दांडा बसला नाही.

"मग ही जाणार तरी कशात?" लॉसन म्हणाला, आणि बोलता बोलता त्याची नजर दारातून आत, कोपऱ्याकडे गेली. टेलफरचीही गेली.

रेवीची रायफल सगळ्यांत जुनी, बोल्ट झिजून सैल झालेला. टेलफरनं काडतूस घातलं आणि एका बोटानं दांडा खाली केला. लोण्यात सुरी जावी तसा तो बसला.

३

पर्सी ओल्ड्रिज दुकान चालवायचा आणि नेमबाजी मंडळही. दारामागं बाकावर काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र त्यानं बसवलं होतं. टेलफरनं पिशवीतली तीन काडतुसं, रेवीच्या रायफलीत न घातलेली, गल्ल्यावर ठेवली. पर्सीनं भिंग काढलं आणि चेहरा आंबट केला.

"आणि तू मला विचारायला आलास. म्हणजे संशय माझ्यावर."

"खोऱ्यात रिकामी पुंगळी भरता येणारा माणूस मला दुसरा ठाऊक नाही, पर्सी."

"मग तुझी माहिती कमी आहे. माझ्याकडून बंदुकीची दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या अर्धं खोरं नेतं. गेल्या सहा-आठ महिन्यांत कारखान्याचं एक काडतूस माझ्या फळीवर आलेलं नाही. सगळं कोरियातल्या लढाईला जातं. लोक करणार काय?" त्यानं एक काडतूस पक्कडीनं उघडलं, दारू बशीत ओतली आणि पुंगळीत डोकावला. "बुडाला एकच भोक. कॅनडात बनलेलं पितळ. आपल्याकडच्या पुंगळीला दोन भोकं असतात, तिची वापरलेली टोपी निघता निघत नाही. ज्यानं हे भरलं त्यानं कॅनडाचं पितळ निवडून घेतलंय. गोळी लष्करी, जुन्या काडतुसातून उपसलेली. काम हलक्या हाताचं नाही. मन लावून केलंय."

"मग बसत का नाहीत?"

"बार उडाला की पितळ फुगतं आणि रायफलीत काडतूस बसतं त्या घराचा आकार घेतं. घर सैल असेल तर पुंगळी जाडी होते. माझं यंत्र ती सगळीच्या सगळी दाबून परत मापाला आणतं. यानं हातातल्या चिमट्यानं नुसता गळा दाबलाय. असं काडतूस जिच्यात पहिल्यांदा उडालं त्या रायफलीत मस्त बसतं. दुसरीत जाईलच असं नाही." पर्सीनं भिंग खाली ठेवलं. "आणि हे बघ. प्रत्येकाच्या बुडाच्या काठावर बारीक ओरखडा आहे, बोल्टच्या ओढून काढणाऱ्या आकड्याचा; बोल्ट पूर्ण बसला तरच तो उमटतो. म्हणजे भरल्यावर हे एकदा रायफलीत घालून, बघून बाहेर काढलेलं आहे. तिन्ही."

"म्हणजे भरणाऱ्यानं तपासलं."

"हो. आणि बसलं म्हणून खूश झाला. दुसऱ्या रायफलीत घालून बघायची अक्कल त्या गाढवाला नव्हती."

लॉसन दाराशी उभा राहून ऐकत होता. "पितळ रेवीच्या रायफलीतलं," तो म्हणाला. "तपासलं रेवीच्या रायफलीत. गोळा करतो रेवी. नॉर्म, आता अजून काय राहिलं?"

४

रेवी चौकीच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

"पुंगळ्या माझ्या," तो म्हणाला. "नाही म्हणत नाही. आजीनं शिकवलंय, डोंगरात आपली घाण टाकून यायची नाही. मी पोत्यात भरतो आणि वॉटी वर आला की त्याच्याकडे देतो. तो पर्सीच्या भंगाराच्या पिंपात टाकतो."

"स्वतः कधी भरल्यास?"

"साहेब, मी दारू पेल्यात भरतो. तीही आता इथं मिळेलसं वाटत नाही."

लॉसनला हसू आलं आणि ते त्यानं खोकल्यात घालवलं.

"त्या दिवशी काय ऐकलंस?"

"सकाळी पाच बार. मधे मधे थांबून, हरणांवर मारतात तसे. कॉलम तसाच मारायचा, उतावळा. मग काही नाही. पाच उडवून पठ्ठ्या हरणामागं धावला असणार, असं म्हणालो आणि चहा टाकला." त्यानं मांडीवरची टोपी फिरवली. मग म्हणाला, "भांडलो होतो आम्ही, खरंय. पण तीन बार ऐकले असते तर अनवाणी गेलो असतो."

टेलफरनं मान हलवली. ते पाच बार हिशेबात बसत होते. आधीच्या पेटीतली शेवटची पाच काडतुसं असणार. मग पोरानं नव्या पेटीतली पिशवीत भरली आणि जखमी हरणामागं कड्यावर गेला.

"रेवी, नीट आठवून सांग. तुझी रायफल कधी दुसऱ्याच्या हाती होती?"

"कोणाच्या हाती देईन मी ती?" रेवी म्हणाला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "मार्चमध्ये दस्ता चिरला होता. दुरुस्तीला दिली होती, पावसात काही करता येत नव्हतं तेव्हा. तीन आठवडे."

"कोणाला?"

रेवीनं नाव सांगितलं. टेलफरनं ते पुन्हा विचारलं नाही. तो उठून खिडकीशी गेला आणि बाहेर चिखलात उभ्या घोड्यांकडे बघत राहिला.

५

तरी तो आधी वरच्या खोपीवर गेला. एकटाच, चालत. एखाद्या माणसाचं नाव तोंडातून काढायचं तर हातात नुसतं डोक्यातलं गणित असून चालत नाही, आणि या माणसाचं तर नाहीच.

खोपीत कॉलमचे मोजे अजून तारेवर वाळत होते. काडतुसांची लाकडी पेटी बिछान्याखाली होती. टेलफरनं पाकिटं बाहेर काढून फळीवर मांडली. वरच्या थरातली धड होती. एक फोडून बघितलं. कोरी काडतुसं, बिनओरखड्याची. खालच्या थरांतल्या पाकिटांची तोंडं उंदरांनी कुरतडली होती. जिथं कागद चिकटवलेला असतो, नेमकं तिथंच. कॉलमनं फोडलेलं पाकीटही त्यातलंच होतं. हात घालून त्यानं खालचं ओढून काढलं होतं, घाईत असेल.

टेलफरनं कुरतडलेला कागद जिभेला लावला. पिठाची खळ. कारखान्याच्या डिंकाला उंदीर तोंड लावत नाहीत, पण पिठाची चव त्यांना कळते. म्हणजे ही पाकिटं कोणीतरी उघडली होती, आतली काडतुसं काढून भरलेली घातली होती आणि तोंडं पुन्हा चिकटवली होती. आणि कॉलमनं काढलेली सोडली तर पेटी पूर्ण होती. एकही कमी नाही.

हेच त्याच्या गळी उतरेना. चोर काय करतो? काढतो आणि पळतो. फार तर खाली दगड घालतो. इथं प्रत्येक काढलेल्या काडतुसाच्या जागी एक भरलेलं होतं. हातानं, मन लावून, प्रत्येक तपासून घातलेलं. पेटी रिती राहिलेली सोसत नाही असा माणूस. पोरांकडे काडतुसं कमी पडतील याची ज्याला चोरी करतानाही धास्ती होती, असा माणूस.

आणि असा माणूस तो ओळखत होता. अकरा वर्षांपूर्वी क्रीट बेटावरच्या लढाईत एका ऑलिव्हच्या बागेत तो त्याच्या शेजारी पालथा पडला होता. दोघांकडचीही काडतुसं संपली होती. डाव्या अंगाला पडलेल्या मेलेल्यांच्या खिशांत हात घालत वॉटी ग्रीव्ह सरपटत गेला होता आणि रिकाम्या हातांनी परत आला होता.

६

वॉटी तबेल्यात खोगिराचा पट्टा शिवत होता. टेलफरला बघून त्यानं उलटी बादली पुढं सरकवली.

"बस. चहा टाकू? दूध डब्यातलं आहे."

"नको. वॉटी, रेवीची रायफल तू दुरुस्त केलीस ना मार्चमध्ये?"

"केली की. अक्रोडाचा तुकडा घातला दस्त्यात. चिरलेलं शोधून दाखव."

"त्या तीन आठवड्यांत किती काडतुसं घालून बघितलीस तिच्यात?"

सुई पट्ट्यात अर्धी गेलेली तशीच राहिली. बाहेर घोडी खुरानं चिखल उकरत होती.

"सगळी," वॉटी म्हणाला. "एकूणएक घालून बघितली, नॉर्म. एकही अडलं नाही. अडलेलं मी दिलं असतं का पोरांना?"

"ती रेवीच्याच रायफलीतली पितळं होती. तिच्यात अडणार कशी? दुसरीत का नाही बघितलंस? तुझी स्वतःची कुठाय?"

"विकली. परत आलो त्याच वर्षी. हातात घेतली की थरथरायला व्हायचं."

 वॉटीनं पट्टा बाजूला ठेवला, उठला आणि शेवटच्या ठाणातलं गवत पायानं सारलं. खालच्या फळ्या सैल होत्या. त्यानं एक उचलली. खाली पत्र्याच्या पेट्या होत्या, तेल लावलेल्या, मेणकापडात बांधलेल्या, ओळीनं. उजेड पोचत होता तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढं.

"विकलेलं एक नाही," वॉटी म्हणाला. "पर्सीनं विचारलं होतं, बंदरावरच्या कातडीवाल्यांनी विचारलं होतं. मी दिलं नाही. रेवीची पितळं साठवून भरली, आणि दर पेटीतनं थोडी काढायचो. कोरियाचं सुरू झालं तेव्हा रेडिओवर ऐकलं आणि म्हटलं, परत तेच होणार. परत कोणीतरी येणार आणि आपल्याकडे काही नसणार."

"बंदूक नाही आणि काडतुसं एवढी."

"बंदूक कोणाचीही मिळते. त्या बागेत बंदुका कमी होत्या का?"

त्याचं खरं होतं. टेलफर फळीच्या कडेवर बसला.

"कॉलमच्या पिशवीतलं एकही बसलं नाही, वॉटी. पाय मोडल्यावर त्यानं ठोकून ठोकून बघितलं. तळहात फुटला होता त्याचा. सगळे म्हणाले पडताना लागलं."

वॉटी उभ्याउभ्या हळूच खाली बसला, भिंतीला घासत. त्याच्याच घोडीवरून ते प्रेत खाली आलं होतं. हात कांबळ्यात गुंडाळलेले होते.

"एक काढलं की एक घातलं," तो म्हणाला. "कमी पडू दिलं नाही मी कोणाला."

"तुझी भरलेली एवढी चांगली होती तर तीच फळीखाली ठेवायची होतीस. कारखान्याची का ठेवलीस?"

 टेलफर थांबला. घाई त्यालाही नव्हती.

"भरलेल्यावर मला झोप लागली नसती," वॉटी शेवटी म्हणाला. आपण काय बोललो ते मग त्याच्याच कानावर पडलं असावं, कारण त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

लॉसनला बोलावणं पाठवलं तेव्हा दुपार होती. तो येईपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले, एक फळीवर, एक भिंतीशी. एकदा वॉटीनं विचारलं, "त्याची आई येणार आहे का?" टेलफरनं हो म्हटलं. 

७

कॉलमची आई दुसऱ्या दिवशी यायची होती आणि तिला काय सांगायचं ते टेलफरलाच सांगायचं होतं. रात्रभर त्यानं शब्द जुळवले. सकाळी एकही कामाचा वाटला नाही.

खानावळीत माणसं रेवीशी हात मिळवायला पुढं आली. त्यानं मिळवला, एकेकाचा, मान खाली घालून. बस म्हणाले तसा बसला नाही. वरच्या खोपींतली पोरं पिठाची वाट बघत होती आणि घोडी हाकायला आता कोणी नव्हतं.

वॉटीच्या फळ्यांखालचा माल सरकारचाच होता. लॉसननं आणि टेलफरनं तो अंगणात काढला. मेणकापड सोडलं तर आतली पाकिटं जशी कारखान्यातून निघाली तशी कोरडी, कडक. सबंध खोऱ्याला दोन हिवाळे पुरले असते. वरून हुकूम आला की खोपींतल्या जुन्या पेट्या परत आणाव्यात आणि हा माल लगेच वाटून टाकावा. जिथं आठ महिने पर्सीच्या फळीवर धूळ होती, तिथं आता प्रत्येक खोपीला पेटी भरून मिळणार होती.

रेवीनं एक पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"चांगली आहेत," टेलफर म्हणाला. "मी स्वतः सगळ्यांच्या रायफलीत घालून बघितली."

"बघितली असाल, साहेब."

त्यानं पाकीट पेटीत ठेवलं, पेटी उचलली आणि घोड्यावर चढवून दोर आवळला. बाकीच्या खोपींच्या पेट्याही चढवल्या. मधल्या खोपीची, त्याच्या स्वतःच्या वाट्याची, अंगणातच राहिली. टेलफरनं तिच्याकडे बोट केलं. रेवीनं मान हलवली.

"माझ्याकडे थोडी आहेत. पुरवेन."

पाऊस बारीक लागला होता. चार घोडी ओळीनं पुलाकडे निघाली. रेवीनं करडीचा लगाम धरला होता. चौकीसमोर, वॉटी होता त्या कोठडीच्या गजांच्या खिडकीखाली तो थांबला. वाकून घोडीचा पुढचा पाय उचलून बघितला, मग टेलफरकडे वळला.

"वॉटीला सांगा, करडीचा नाल सैल झालाय. मी वर जाऊन ठोकून घेतो."

आत वॉटीला ते ऐकू गेलंच होतं. तरी टेलफर चौकीत गेला आणि निरोप दिला.